एका नखाची फट

लिही. तुझ्या धाकट्या आजोबांना सगळी गल्ली खटका म्हणायची. काहीही बिघडलं की त्यांचं उत्तर ठरलेलं, "काही नाही, खटका गेलाय." पंखा बंद पडला, खटका गेलाय. रेडिओ खरखरला, खटका गेलाय. एकदा माझ्या सासूबाई गुडघे धरून बसल्या होत्या, तर त्यांनाही म्हणाले, "आई, काही नाही गं, खटका गेलाय." सासूबाईंनी पायातली चप्पल फेकून मारली. त्या दिवसापासून नाव पडलं ते पडलंच.

मी त्यांना भाऊजी म्हणायचे. तुझे आजोबा थोरले, हे धाकटे. लग्न केलं नाही. कुणी विषय काढला की म्हणायचे, "मला अकरा जणी सांभाळायच्या आहेत, बारावी कुठे बसवू?" त्या अकरा जणी म्हणजे गेमच्या हॉलमधल्या मशिनी. बस थांब्यासमोरच्या इमारतीत पायऱ्या उतरून खाली तळघर होतं, तिथे तो हॉल. दाराला जाड काळा पडदा, खिडकी एकही नाही. जमिनीवर निळा गालिचा, त्याला सिगारेटींनी भोकं पडलेली. आणि दोन्ही बाजूंना कपाटाएवढ्या मशिनी उभ्या. प्रत्येकीला एक काच, एक दांडी, दोन-चार बटणं. फटीत टोकन टाकलं की गेम सुरू. भाऊजी तिथले मेकॅनिक. सकाळी हॉल उघडायचा, अकराच्या अकरा मशिनी लावून बघायच्या, जी रुसली असेल तिचं पोट उघडायचं. तेवीस वर्षं हेच केलं त्यांनी. डोळे मिटूनसुद्धा सांगायचे, चौथीचा आवाज बसलाय.

मी पहिल्यांदा तिथे गेले ती विसरलेला डबा द्यायला. मी तेव्हा घरी काजं-बटणं करायचे. शर्टाच्या कारखान्यातून गठ्ठा यायचा, काज करायचं, बटण टाचायचं, गठ्ठा परत. बोटं कायम सुईला टोचलेली. तर पडदा बाजूला करून आत गेले आणि बघतच राहिले. भाऊजी कोपऱ्यातल्या सगळ्यात जुन्या मशीनसमोर उभे. तिला सगळे विमानवाली म्हणायचे. काळी काच, तिच्यात चांदण्यांचे ठिपके वरून खाली वाहतायत. वर किडे ओळीनं बसलेत, निळे, पिवळे, हिरवे. मी पुठ्ठ्यावर बटणं लावून ठेवते ना, अगदी तसे. आणि तळाशी एक पांढरं विमान, शिवताना बोटात घालायच्या माझ्या अंगुस्तानाएवढं. ते किडे मधूनच ओळ सोडून गिरक्या घेत अंगावर यायचे, गोळे टाकायचे. भाऊजी डाव्या हातानं दांडी हलवायचे, उजव्यानं बटण दाबायचे.

मी म्हटलं, "भाऊजी, ते अंगावर येतायत आणि तुम्ही जागच्या जागी काय नाचताय? पुढे जाऊन हाणा ना!"

"वहिनी, ह्यात पुढे जायची सोयच नाही. मागेही नाही. डावीकडे, नाहीतर उजवीकडे."

"मग हे माझ्या स्वयंपाकघरासारखंच झालं की."

ते इतके हसले की विमान फुटलं. "आता दुसरं," म्हणाले. तीन विमानं मिळायची एका टोकनात.

तेवढ्यात वरच्या ओळीतला एक मोठा हिरवा किडा खाली आला. अर्ध्यावर थांबला आणि पोटातून निळा उजेड सोडला, जाळ्यासारखा पसरट. विमान त्या उजेडात गोल गोल फिरत वर ओढलं गेलं.

"अहो पळा! धरलं की त्यानं!"

"धरू दे. मीच दिलंय."

"दिलंय म्हणजे?"

"बघा तर."

ते धरलेलं विमान लाल होऊन किड्याच्या पाठीमागे जाऊन बसलं. आपलंच विमान, पण आता त्यांच्यात. भाऊजी तिसरं विमान घेऊन खाली थांबले. तो हिरवा पुन्हा झेपावत आला, लाल विमान त्याच्या मागोमाग. भाऊजींनी एकच गोळी मारली. किडा फुटला आणि लाल विमान पांढरं होऊन हळूच खाली आलं, ह्यांच्या विमानाला चिकटून बसलं. आता दोन विमानं जोडीनं, दुप्पट गोळ्या. आजूबाजूच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या.

"आणि नेम चुकून लाल विमानालाच लागला तर?" मी विचारलं.

"तर गेलं. आपलंच, आपल्याच हातानं." मग डबा उघडून वास घेतला आणि म्हणाले, "पण चुकत नाही ना."

खरंच चुकायचा नाही. एक बस कंडक्टर होता, ड्युटी संपली की रोज यायचा, खांद्याला तिकिटांची पिशवी तशीच. तो म्हणायचा, "खटका, तुझा डावा हात कापून मला दे." भाऊजी म्हणायचे, "कापून दिला तरी तुला विचारणार नाही तो."

हात बिघडला तो हाच. डावा.

मला आधी कळलंच नाही. ते सकाळी चहाला बसायचे तेव्हा म्हणायला लागले, "वहिनी, अर्धाच द्या." मला वाटलं पोट बिघडलंय. म्हटलं, जिऱ्याचं पाणी करून देऊ? "नको नको, अर्धाच बरा." आठ-पंधरा दिवस मी अर्धा कप देत राहिले. मग एकदा बोलता बोलता सवयीनं पूर्ण भरला. त्यांनी कप उचलला आणि बशीत टणटणटणटण आवाज झाला, जशी लांबून सायकलची घंटा. चहा मनगटावर सांडला. मला तेव्हा कळलं, अर्धा कप पोटासाठी नव्हता. अर्धा असला की सांडत नाही. तो माणूस असा होता बघ. तक्रार करायची नाही, कुणाला मागायचं नाही. गुपचूप काहीतरी सैल-घट्ट करून आपलं भागवून घ्यायचं.

डॉक्टरकडे मीच ओढत नेलं. डॉक्टर म्हणाले नसांचं आहे, गोळीनं थोडं कमी होईल, जाणार नाही. मनावर ताण आला की वाढेल. भाऊजी बाहेर येऊन म्हणाले, "काही नाही, खटका गेलाय." मला काही हसू आलं नाही.

तर चहाचं भागलं, पण कामाचं काय? मशीनच्या पोटात केसाएवढ्या तारा. सोल्डरची गन धरायची, तापलेल्या कथलाचा टिपूस मोहरीएवढ्या जागेवर टाकायचा. थरथरत्या हातानं एक जोडायला जावं तर दोन चिकटतात. एका दुपारी डबा घेऊन गेले तर भाऊजी विमानवालीच्या मागे गालिच्यावर बसलेले. पाठीची फळी उघडी, बोटाला चटका बसलेला, आणि गन बाजूला तशीच धुमसत होती. माझ्याकडे बघून म्हणाले, "तीन तास झाले. एक तार आहे."

मी म्हटलं, "सरका. कुठली तार?"

"वहिनी, हे काज-बटण नाही."

"तुम्ही कधी काज केलंय का? मग तुम्हाला काय माहीत, कशासारखं आहे ते. सरका म्हटलं ना."

त्यांनी बोट दाखवलं, तेही थरथरत होतं, म्हणून मी त्यांचं बोट धरून नीट त्या जागेवर टेकवलं. मग गन घेतली. धूर डोळ्यांत गेला, खोकला आला, पण टिपूस बसला. खरं सांगू का, काजाच्या टाक्यापेक्षा सोपं होतं. काजाचा दोरा सुटला की कापड उसवतं. हा आपला टिपूस, पडला की थिजला. भाऊजींनी वाकून बघितलं, बराच वेळ बघितलं. म्हणाले, "इतका सुबक तर मीही टाकत नव्हतो."

त्या दिवसापासून मी त्यांचा हात झाले. हॉलमध्ये सगळ्यांना वाटायचं, खटक्याची वहिनी डबा घेऊन येते आणि हात रिकामा म्हणून काचा पुसते. काचा पुसायचेच मी, खोटं नाही. पण मशीनच्या मागे बसून फळी उघडायची ती मी. ते सांगायचे, मी करायचे. "लाल ती नको, तिच्या शेजारची." "कुठली लाल, दोन लाल आहेत." "जी जास्त लाल आहे ती." "भाऊजी, एकदा ठरवा, मेकॅनिक तुम्ही आहात." मोठी मजा यायची. तुझे आजोबा विचारायचे, हल्ली तुझ्या कपड्यांना जळकट वास कसला? मी म्हणायचे, इस्त्रीचा.

त्यातलं मला सगळ्यात आवडायचं काम म्हणजे दांडीचं. विमानवालीच्या दांडीखाली दोन खटके असतात, एक डावीकडचा, एक उजवीकडचा. खटका म्हणजे काय, दोन पितळी पत्त्या समोरासमोर. दांडी कलली की एक पत्ती दुसरीला टेकते, टेकली की विमान त्या बाजूला सरकतं. एवढंच. आता त्या दोन पत्त्यांमध्ये फट किती ठेवायची, ह्यात सगळी कला. भाऊजींनी माझा अंगठा धरून त्याचं नख त्या फटीत घातलं होतं. म्हणाले, "एक नख. जास्त झाली की दांडी लांबपर्यंत ढकलावी लागते, विमान आळशी होतं, पोरं ओरडतात की ऐकत नाही. कमी झाली की विमान जरा धक्का लागला तरी पळतं. एक नख, ना जास्त ना कमी. हे विसरून चालणार नाही, आणि विसरलात तर मी सांगायची गरज नाही, पोरंच दाखवतील."

पोरं दाबून दाबून पत्त्या वाकवायची. मी दर सोमवारी फळी उघडून अंगठ्याचं नख घालून बघायचे. वाकली असेल तर पकडीनं सरळ करायची. पकडीच्या तोंडाला मी कापडाची लाल चिंधी गुंडाळायचे, पितळेवर ओरखडा नको म्हणून. भाऊजी हसायचे, "मशीनला लागतंय का काय?" असू दे, माझी पद्धत.

मग गेम लावून बघायचा. तो आधी भाऊजीच लावायचे. नंतर नंतर म्हणायला लागले, "वहिनी, तुम्हीच बघा, मला जरा हिशेब आहे." कसला हिशेब, कागद पुढे घेऊन नुसतं बसायचे. मी दुसऱ्या फेरीतच तीनही विमानं घालवायचे. तेव्हा तरी मला कळायला हवं होतं की ते दांडीला हात का लावत नाहीत.

असं दीड वर्ष गेलं. मग हॉलचे मालक वारले. म्हातारे होते, चांगले होते, भाऊजींना कधी टाकून बोलले नाहीत. हॉल त्यांच्या जावयाकडे आला. हा जावई वाईट नव्हता हं, तेही लिही. कपाळावर आठी नाही, आवाज चढवणं नाही. पण आल्या दिवशी त्यानं भाऊजींना एक स्क्रू लावायला सांगितला आणि समोर उभा राहिला. स्क्रू भोकाला लागेना. तीनदा खाली पडला. तिसऱ्यांदा मी वाकून उचलला.

"काका," तो म्हणाला, "राग मानू नका. हात असा असताना मशिनी कोण दुरुस्त करतं?"

मी तिथेच उभी. हातात काच पुसायचं फडकं, तोंडात उत्तर. भाऊजींनी माझ्याकडे एकदाच बघितलं. त्या बघण्यात 'नको' होतं. वहिनीच्या हातावर आपली नोकरी चालते, हे त्यांना चार लोकांत ऐकायचं नव्हतं. मी फडकं पिळत राहिले. कोरडंच होतं.

"मीच करतो," भाऊजी म्हणाले.

"कसं?"

"सवयीनं."

जावई हसला नाही. म्हणाला, "मला कंपनीचा माणूस मिळतोय. गाडी घेऊन येतो, महिन्यातून दोनदा, करून जातो. पण तुम्ही सासऱ्यांच्या वेळचे. मला कुणी म्हणायला नको की न बघताच काढलं." मग विमानवालीकडे बोट केलं. "हा तुमचा गेम ना? सगळे सांगतात. गुरुवारी तीन वाजता माझ्यासमोर खेळा. एक टोकन, पाच फेऱ्या. निघाल्या तर मी मानतो हाताला काही झालेलं नाही. काम तुमचं, मी परत विषय काढणार नाही."

कंडक्टर तिथे होता. तो म्हणाला, "पाच? अहो हा जांभया देत पंधरा काढतो."

पाच फेऱ्या. तेवीस वर्षं भाऊजींनी जे सकाळी उठून चूळ भरल्यासारखं केलं, तेच एकदा करायचं होतं. ते झालं तर हॉल, नाहीतर घरी.

बुधवारी संध्याकाळी मला म्हणाले, "वहिनी, तुम्ही जा. तुमचा गठ्ठा राहिलाय. मी कुलूप लावतो." मी म्हटलं थांबते. "नको, जा." जरा तुटकच. मला वाटलं एकट्यानं सराव करायचा असेल, माझ्यासमोर लाजतात. मी गेले.

गुरुवारी सकाळी मी त्यांना म्हटलं, तुम्ही घरीच पडा, गोळी घ्या, दुपारी ताजेतवाने या. मी पुढे जाऊन उघडते. ते चालेल म्हणाले. मी गेले, आणि तुला सांगते, कधी कुठल्या सणाला घर पुसलं नसेल तशी ती मशीन पुसली. काच पुसली, बटणांच्या कडेचा मळ सुईनं काढला, दांडीचा लाल गोळा शाम्पूनं धुतला. मग म्हटलं फळीही उघडून बघू, आज कसर नको.

फळी उघडली. अंगठ्याचं नख फटीत घातलं तर सैल आत गेलं. एक नख कसलं, तीन नखं फट! डावीकडे तीन, उजवीकडे तीन. दोन्ही पत्त्या बाहेर वाकवलेल्या.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सोमवारी मीच एक नख करून ठेवलेली. दोन दिवसांत पोरं एवढी वाकवत नाहीत, तीही दोन्हीकडे सारखी. हे कुणीतरी मुद्दाम केलंय. आणि माझ्या मनात एकच आलं, जावयाचं काम. विमान आळशी व्हावं, ऐकू नये, भाऊजी हरावेत म्हणून. वरून गोड बोलतो आणि आतून हे. मी त्याला त्या रिकाम्या हॉलमध्ये इतक्या शिव्या घातल्या. मग पकडीला चिंधी गुंडाळली आणि एक एक पत्ती अलगद आणली जागेवर. नख घातलं, काढलं, परत घातलं. एक नख. ना जास्त ना कमी. आयुष्यात मी इतकं नेमकं काम केलं नव्हतं. फळी लावून टाकली. भाऊजींना सांगायचं नाही असं ठरवलं, उगाच डोक्याला ताण, आणि ताणानं हाताची थरथर वाढते. जिंकल्यावर सांगू, दोघं मिळून हसू.

तीन वाजता सगळे जमले. कंडक्टरनं ड्युटी बदलून घेतली होती. जावई खुर्ची घेऊन बाजूला बसला. भाऊजी स्वच्छ शर्ट घालून आले, त्याची बटणं मीच लावलेली. टोकन टाकलं. ते वाजतं ना सुरुवातीचं, तेवढं वाजलं. डावा हात दांडीवर.

आणि विमान थरथरायला लागलं.

ते कुठे जात नव्हतं. जागच्या जागी डावीकडे उजवीकडे, डावीकडे उजवीकडे, पाण्यात पडलेल्या मुंगीसारखं. सगळ्यांना दिसत होतं. हात एवढासाच हलत होता, खिशात घातला असता तर कळलंही नसतं, पण काचेवर ते सगळं मोठं होऊन दिसत होतं. भाऊजींनी विमानाकडे बघितलं, मग खाली आपल्या हाताकडे, मग परत विमानाकडे. मी त्यांचा चेहरा बघत होते. भीती नव्हती त्यावर. नवल होतं. म्हणजे कसं, आपल्या घराची किल्ली आपल्याच कुलपाला लागू नये, तसं.

मला तेव्हाही कळलं नाही. मी मनात म्हणत होते, अहो ढकला, मी नीट केलंय, आता ऐकेल ते.

पहिली फेरी कशीबशी काढली. उजवा हात शहाणा होता, त्यानं काढली. दुसरीत तो हिरवा खाली आला, उजेड सोडला. भाऊजींनी विमान दिलं. कंडक्टर माझ्या कानात म्हणाला, "बघा आता, जोडी करतो." हिरवा परत झेपावला, लाल विमान त्याच्या मागे. भाऊजींनी विमान त्याच्याखाली न्यायचा प्रयत्न केला. ते गेलं, पुढे गेलं, मागे आलं, परत पुढे. कंडक्टर ओरडला, "खटका, दांडी सोड आणि परत धर!" त्यांनी सोडली, परत धरली, बटण दाबलं.

लाल विमानाला लागली. फुटलं.

बाकीच्या दहा मशिनी आपापली गाणी वाजवत होत्या. जावई खुर्चीतून उठला आणि हळू म्हणाला, "काका, राहू दे." तेच जास्त लागलं मला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

"अजून आहे," भाऊजी म्हणाले.

दुसरं विमान दुसऱ्या फेरीच्या शेवटी गेलं. तिसरं तिसऱ्या फेरीत. मी काय करू शकत होते सांग? मला सोल्डर येत होतं, तारा येत होत्या, मशीनचं पोट मी पाठ केलं होतं. पण दांडीवरचा हात त्यांचा होता. तो मला धरता येत नव्हता. पाच फुटांवर उभी होते मी, आणि तो किडा खाली येताना दिसत होता, आणि विमान त्याच्या वाटेतून सरकत नव्हतं, नुसतं थरथरत होतं. मी डोळे मिटले. आवाजावरून कळलं.

खेळ संपल्यावर भाऊजींनी माझ्याकडे फळीची किल्ली मागितली. जावई म्हणाला, "काका, आता कशाला?"

"एकदा बघतो."

ते गुडघ्यावर बसले. फळी उघडायला वेळ लागला, मी मदतीला वाकले तर हातानंच थांबवलं. उघडली. अंगठ्याचं नख घातलं डावीकडच्या फटीत, मग उजवीकडच्या. डाव्या पत्तीवर चिंधीचा एक लाल धागा अडकला होता. तो त्यांनी चिमटीत धरून काढला आणि बघितला. मग माझ्याकडे बघितलं.

तेव्हा मला कळलं. सगळं एकदम. बुधवारी संध्याकाळी मला घरी का पाठवलं ते. तीन नखांची फट कुणी ठेवली ते. एवढी फट असली की हाताचं थरथरणं पत्तीपर्यंत पोचत नाही, मुद्दाम ढकललं तरच टेकतं. विमान आळशी होतं, पण थरथरत नाही. अर्धा कप चहा. तोच अर्धा कप केला होता त्यांनी मशीनचा, आणि मी तो पूर्ण भरला.

ते म्हणाले, "एक नख. बरोबर आहे." फळी लावली, किल्ली जावयाच्या हातात दिली. धागा मात्र फेकला नाही, शर्टाच्या खिशात टाकला.

घरी चालत आलो. मी डबा घेऊन मागे. वाटेत एवढंच म्हणाले, "चहा टाकाल ना?" मी टाकला. अर्धा दिला. दोघंही कपाकडे बघत बसलो.

पुढच्या महिन्यात जावयानं जुन्या मशिनी काढल्या. भाऊजींना कुणी कळवलं नव्हतं, पण त्यांना बरोबर कळलं. बस थांब्यावर जाऊन बसले, मी सोबत. टेम्पोत विमानवाली आडवी घातली होती. "आडवी नाही घालायची हो तिला," म्हणाले, पण माझ्याशी, त्या माणसांना ऐकू जाईल असं नाही.

मग नऊ वर्षं घरी होते. माझ्या गठ्ठ्यातली बटणं रंगानुसार वेगळी करून द्यायचे. बशीत टाकताना आवाज व्हायचा. मी किती वेळा सुरुवात केली. "भाऊजी, त्या गुरुवारी सकाळी मी..." की ते म्हणायचे, "वहिनी, ही निळी दोन भोकांची का चार?" कधी म्हणायचे, "दोरा संपलाय वाटतं." एकदा मी हट्टानं वाक्य पुरं केलं. म्हटलं, मला वाटलं जावयानं केलंय. ते बराच वेळ बटणं चाळत राहिले. मग म्हणाले, "मीच शिकवलं होतं तुम्हाला." बस. माफी मागावी तर त्यांनी दोष दिलेलाच नाही. दोष द्यावा तर तो शिकवण्यालाच जातो.

शेवटच्या वर्षी कप त्यांच्या हातात धरवेना. मीच ओठांना लावायचे. एक दिवस म्हणाले, "पूर्ण भरत जा आता." मी भरला. सांडला, पुसला, परत भरला.

ते गेले तेव्हा शर्ट धुवायला काढले, तर एका खिशात काही नव्हतं, दुसऱ्यात काही नव्हतं. धागा मिळाला नाही मला. कुठे ठेवला असेल कुणास ठाऊक.

अजून माझ्याकडे कुणी शर्ट टाकून जातं. सैल बटण दिसलं की हात सुईकडे जातो. मग मी हात मागे घेते. आधी विचारते, हे सैल आहे ते तसंच हवंय का? माणसं हसतात. म्हणतात, आजी, सैल बटण कुणाला हवं असतं?